रुग्णालयात लागणारी त्वचेची बुरशी: वॉर्डाबाहेर नातेवाईक विचारतात ते प्रश्न

केमो चालू असलेला, किडनी बदललेला, आयसीयूत पडून असलेला किंवा दिवस भरायच्या आत जन्मलेला पेशंट असला आणि त्याच्या अंगावर काही नवं उठलं की आम्हा स्किनच्या डॉक्टरांना कॉल येतो. तपासून बाहेर पडलं की पॅसेजमध्ये नातेवाईक गाठतात आणि प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. ते इथे उत्तरांसकट लिहिले आहेत. गोळ्यांची चिठ्ठी मात्र इथे मिळणार नाही, ते काम तुमच्या डॉक्टरांचं.

"म्हणजे नायटाच ना, डॉक्टर?"

नाही. नायटा, गजकर्ण ही मंडळी कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात राहतात. खाजवून माणूस हैराण होतो, पण जीवावर बेतत नाही. आपण इथे बोलतोय ती बुरशी कातडीखाली, चरबीत आणि रक्तवाहिन्यांत घुसते. रिपोर्टवर अ‍ॅस्परजिलस, म्युकर, फ्युजेरियम, कॅन्डिडा अशी नावं दिसतील. यांतले बरेचसे बीजाणू तुमच्या-माझ्या अंगावर रोज पडतात आणि काही होत नाही, कारण न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांचा जागच्या जागी निकाल लावतात. पेशंटच्या रक्तात त्या पेशीच उरल्या नसल्या की तोच बीजाणू रुजतो.

रुजायचे रस्ते दोन. एक बाहेरून आत: सुई टोचलेली जागा, भाजलेली कातडी, ऑपरेशनचे टाके, चिकट पट्टीने सोलवटलेला भाग. दुसरा आतून बाहेर: बुरशी आधीच रक्तात किंवा फुप्फुसात आहे आणि कातडीवरची गाठ ही तिने दिलेली पहिली खबर. डाग पाहून कोणता रस्ता हे सांगता येत नाही. म्हणूनच डाग लहान असला तरी आम्ही त्याच्या मागे लागतो.

"आमचा पेशंट या धोक्यात मोडतो का?"

केसपेपरवर एएनसी हा आकडा शोधा, म्हणजे रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींची संख्या. पुढे "काउंट" म्हणते ते हेच. तो ५०० च्या खाली गेला आणि दहा-बारा दिवस खालीच राहिला तर धोका खराच मोठा. ब्लड कॅन्सर आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटचे पेशंट यात आले. शिवाय किडनी-लिव्हर बदललेले, महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे, मोठं भाजलेले, आयसीयूत लांबलेले आणि एकामागून एक अँटिबायोटिक लागलेले. साखर बेफाम वाढून रक्तात आम्ल साचलं असेल तर म्युकरला आयतं रान मिळतं. थॅलेसेमियाच्या मुलांत अंगात साचलेलं लोह, आणि ते काढायला दिलं जाणारं डेफेरॉक्सामिन हे इंजेक्शन, दोन्ही म्युकरच्या पथ्यावर पडतात. हे वाचून इंजेक्शन मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

दम्यासाठी चार दिवस घेतलेली स्टिरॉइडची गोळी या यादीत नाही. काळजी नको.

"दवाखान्यात एवढं फिनेल मारतात, मग बुरशी येते कुठून?"

फिनेलचा वास म्हणजे निर्जंतुकीकरण, हा आपल्याकडचा जुना समज. बुरशी हवेतून येते, पाण्यातून येते आणि आपण पेशंटला चिकटवतो, बांधतो, अंथरतो त्या वस्तूंतूनही येते.

अ‍ॅस्परजिलसचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचा. भिंत तोडली, फॉल्स सीलिंग उघडलं, साधी कोरड्या झाडूने लोटलोट केली तरी तो हवेत तरंगत राहतो. मुंबईतल्या रुग्णालयाच्या खिडकीतून बाहेर पाहिलं की पाडकाम नाहीतर नव्या टॉवरचं काम दिसायचंच. ट्रान्सप्लांटच्या खोल्यांना हेपा फिल्टर असतो तो यासाठी. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवतो. पण स्ट्रेचरवरून सीटी स्कॅनला नेताना लागणाऱ्या पॅसेजमध्ये फिल्टर नसतो. तेवढ्या वेळेपुरता एन-९५ मास्क घाला, तो फुप्फुसांसाठी. कातडीसाठी सगळी ड्रेसिंगं झाकलेली आणि कडा चिकटलेल्या आहेत ना, एवढं निघण्यापूर्वी बघा.

फ्युजेरियम नळात, शॉवरच्या जाळीत आणि मोरीच्या पाइपात सापडतो.

वस्तूंचा इतिहास तर धडकी भरवणारा आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लवचिक चिकट पट्ट्यांमध्येच रायझोपस ही म्युकरच्या कुळातली बुरशी निघाली आणि त्या पट्ट्या लावलेल्या रुग्णांच्या जखमा सडल्या. २००८-०९ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या एका बालरुग्णालयात अशाच संसर्गाने पाच मुलं दगावली. तपासाचं बोट रुग्णालयाच्या कपड्या-चादरींकडे गेलं. लाकडी चपट्या पट्ट्यांची फळी बाळांच्या हाताला बांधल्यानेही ब्रिटनमध्ये असा उद्रेक झाला होता. तीनही ठिकाणी सुरुवात झाली ती स्वच्छ समजल्या जाणाऱ्या वस्तूपासून.

"सलाईनच्या पट्टीखाली नेमकं काय बघायचं?"

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. राउंडवर डॉक्टर दोन मिनिटं असतात, सिस्टरकडे एका वेळी पुष्कळ खाटा असतात. तासन्‌तास त्या हाताकडे बघत बसलेले तुम्हीच असता.

लहान मुलाचा हात हलू नये म्हणून खाली पुठ्ठा किंवा फळी, त्यावर कापूस, त्यावर रोलर बँडेज आणि वरून चिकट पट्टी. आत घाम. सलाईन सुरळीत चालू आहे म्हणून तीन दिवस कुणी ते उघडत नाही. चौथ्या दिवशी सुई बदलायला सोडलं की फळीच्या कडेला नखाएवढा जांभळट डाग दिसतो आणि सगळे म्हणतात, "पट्टी घट्ट झाली असेल." असेलही. पण तो डाग सुई काढल्यावर दुसऱ्या दिवशी फिका पडायला हवा. तो गडद झाला, मधोमध काळपट किंवा राखाडी पडला, कड उचलल्यासारखी झाली, किंवा हाताला टणक लागू लागला, तर ती पट्टीची खूण नव्हे.

सुईवर पारदर्शक ड्रेसिंग मिळेल का, असं सिस्टरना विचारा. खालचं उघडल्याशिवाय दिसतं. पट्टी ओली झाली, कड सुटली, की लगेच बदलून मागा. संकोच नको. बदलण्याचं काम मात्र त्यांचं. केमो पोर्ट किंवा पिक लाइन, म्हणजे औषधासाठी मोठ्या शिरेत ठेवलेली नळी, तिला घरच्या माणसाने हात लावायचा नाही.

डाग दिसला तर बॉलपेनने त्याच्या कडेने रेघ ओढा, बाजूला वेळ लिहा, मोबाइलवर फोटो काढा. फोटोत शेजारी एक रुपयाचं नाणं धरा. सहा तासांनी रेघ ओलांडलेली दिसली तर रेसिडेंट डॉक्टरला तोंडी समजवत बसावं लागत नाही.

अजून एक. पुस्तकांत आणि इंटरनेटवर सगळीकडे "लाल चट्टा" लिहिलेलं असतं, फोटोही गोऱ्या कातडीचे. आपल्या सावळ्या रंगावर तो लालपणा जांभळट, तपकिरी किंवा नुसताच आजूबाजूपेक्षा गडद दिसतो. ट्यूबलाइटखाली तर दिसतच नाही. दिवसाउजेडी बघा, आणि हाताच्या पाठीला गरम लागतंय का तेही बघा.

"पण खाज नाही, दुखतही नाही. मग साधंच असेल ना?"

उलट. सूज, पू, लाली हे सगळं पांढऱ्या पेशींच्या लढाईचं लक्षण. लढणारेच नसतील तर डाग शांत दिसतो. शिवाय म्युकर आणि अ‍ॅस्परजिलस रक्तवाहिनीत शिरून ती बंद करतात, पुढच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, ती मरते आणि काळी पडते. मेलेल्या कातडीला दुखणार काय? फ्युजेरियमच्या गाठी मात्र बऱ्याचदा दुखतात, म्हणून दुखण्यावरून काहीच ठरवू नका.

"रात्री दिसलं तर सकाळच्या राउंडपर्यंत थांबलं तर चालेल?"

काउंट खाली आहेत आणि डाग नवा आहे, तर नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरला रात्रीच दाखवा. सोबत ताप असेल तर मग विचारायलाच नको.

"काळा डाग म्हणजे कोविडमधली काळी बुरशी?"

कूळ तेच, वाट वेगळी. २०२१ मध्ये कोविडनंतर आपल्याकडे ती नाकातून, सायनसमधून डोळ्याकडे गेली. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना तिची नोंद सक्तीची करायला सांगितलं होतं. कातडीवरची म्युकर जखमेतून किंवा सुईच्या जागेतून शिरते. आणि प्रत्येक काळा डाग म्युकरचा नसतो. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू अगदी तसाच काळा व्रण करतो, फ्युजेरियमही करतो. औषधं तिघांची तीन तऱ्हांची. पुढचा प्रश्न त्यातूनच येतो.

"एवढ्याशा डागासाठी तुकडा काढायचा? प्लेटलेट्स तर कमी आहेत."

हा प्रश्न सगळ्यात रागाने विचारला जातो आणि राग समजण्यासारखा आहे. आधीच टोचून टोचून चाळण झालेला माणूस, त्यात हा डॉक्टर चाकू घेऊन उभा.

तुकडा म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास, जागा बधिर करून काढलेला, एक-दोन टाके. प्लेटलेट्स फारच खाली असतील तर आधी चढवतात, मग काढतात. त्याचे दोन भाग होतात. एक फॉर्मालिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. दुसरा फॉर्मालिनमध्ये टाकायचा नाही, तो साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवून कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून ओळखायला जातो. फॉर्मालिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही. घाईगर्दीत दोन्ही भाग एकाच बाटलीत गेल्याचं मी पाहिलं आहे. नमुना पोहोचवायला तुम्हालाच धाडलं असेल तर हातात दोन बाटल्या आहेत ना, एवढं पाहा.

केओएच नावाच्या तपासणीत त्याच दिवशी धागे दिसू शकतात. रुंद, फितीसारखे, वेडेवाकडे वळणारे असले तर म्युकरचा संशय, बारीक आणि चिमट्यासारख्या कोनात फुटणारे असले तर अ‍ॅस्परजिलस किंवा फ्युजेरियमचा. कल्चरला काही दिवस ते दोन-तीन आठवडे. डॉक्टर त्याची वाट बघत औषध थांबवत नाहीत. फ्युजेरियम असेल तर साध्या ब्लड कल्चरमध्येही बऱ्याचदा सापडतो. रक्तातली गॅलॅक्टोमॅनन तपासणी अ‍ॅस्परजिलससाठी आहे. ती निगेटिव्ह आली म्हणून म्युकर नाही, असं होत नाही.

"मेडिकलवाल्याने मलम दिलं आहे, तोवर लावू का?"

नको. या एका बाबतीत मी चिडते. काउंटरवर मिळणाऱ्या त्या "खाज-बुरशी-जंतू सगळ्यावर एकच" ट्यूबमध्ये बहुधा तीव्र स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, तोवर बुरशी खाली पसरते आणि डागाचं रूप इतकं बदलतं की आम्हालाही ओळखू येत नाही. देशभर नायटा हट्टी होऊन बसला आहे त्यात या ट्यूबांचा मोठा हात आहे. आता तर टर्बिनाफिन या नायट्याच्या औषधाला दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जात घरोघरी आहे. सोबत राहणाऱ्या नातेवाइकालाच असा नायटा असेल तर त्याने स्वतःचा इलाज करून घ्यावा आणि पेशंटचा टॉवेल वापरू नये.

"मनगटाला देवाचा दोरा आहे, काढायलाच हवा का?"

सलाईन त्या हाताला असेल तर हो. आंघोळीचं, स्पंजचं पाणी दोऱ्यात दिवसभर राहतं आणि खालची कातडी पांढुरकी, मऊ पडते. तिथून बोटभर अंतरावर सुई. मी पेशंटच्या आईला सांगते, उशीखाली नको, तोही ओलाच राहील. वाळवून छोट्या पिशवीत घालून लॉकरमध्ये ठेवा. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. अंगारा कपाळाला लावायला हरकत नाही, पण गळ्यातल्या लाइनजवळ भुकटी सांडू देऊ नका. हळद, कोरफड, राख, खोबरेल यांतलं काहीही उघड्या जखमेवर नको. घरात वर्षानुवर्षं चालतं हे खरं, पण घरात काउंट शून्यावर नसतात.

"पावसाळ्यात हे वाढतं का?"

काखा, जांघा, स्तनांखालचा भाग, डायपरची जागा इथली कॅन्डिडा दमटपणात वाढते. ओलसर लाल-जांभळा पट्टा आणि त्याच्या कडेने सुट्या बारीक पुटकुळ्या असं तिचं रूप. वेळेत दाखवलं तर साध्या मलमाने जाते. स्पंजनंतर पुसताना घासू नका, टिपा. घडीत पावडरचे थर देऊ नका, त्याचा चिखल होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत कपडे वाळतच नाहीत, त्यामुळे घरून आणलेले गाऊन, चादर, आतले कपडे इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करूनच आणा. वास कुबट येत असेल तर नकोच.

आणि कृपा करून भिजलेला रेनकोट खाटेच्या दांडीला अडकवू नका. छत्री दाराबाहेर. फळांचे पुठ्ठ्याचे खोके खाटेखाली सरकवलेले असतात, तेही आठवड्यात मऊ पडून बुरशी धरतात. छतावर ओल धरून काळे ठिपके आले असतील तर सिस्टर इन्चार्जना दाखवा आणि खाट हलवून मागा. हा हट्ट योग्य आहे.

"फुलं, शहाळं, देवळातला प्रसाद?"

काउंट खाली असताना फुलं आणि कुंड्या नको: फुलदाणीचं पाणी आणि माती, दोन्हींत बुरशी असते. खाण्यापिण्याचं तुमच्या वॉर्डाचा आहारतज्ज्ञ सांगेल तसं.

"कॅन्डिडा ऑरिस पॉझिटिव्ह आलं आणि पेशंटला वेगळं ठेवलं. एवढं काय आहे ते?"

२००९ मध्ये जपानमधल्या एका रुग्णाच्या कानात पहिल्यांदा वर्णन झालेली ही बुरशी आता भारतातल्या आयसीयूंची मोठी डोकेदुखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, त्यात ती सर्वांत वरच्या गटात आहे. फ्लुकोनॅझोल या बुरशीच्या नेहमीच्या औषधाला ती बहुतेक वेळा दाद देत नाही. खाटेच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर ती आठवडेच्या आठवडे टिकते.

मात्र पॉझिटिव्ह म्हणजे आजारी, असं नाही. काखेतून आणि जांघेतून घेतलेल्या नमुन्यात ती नुसती "बसलेली" सापडते तेव्हा औषध देत नाहीत, कारण कातडीवरून तिला हुसकावणारं खात्रीचं औषध नाही. ती लाइनमधून रक्तात जाऊ नये आणि शेजारच्या खाटेवर पोहोचू नये, यासाठी वेगळं ठेवतात. तुम्ही गाऊन-ग्लोव्ह घाला, निघताना अल्कोहोलच्या हँडरबने हात चोळा. त्याने ती मरते. धडधाकट नातेवाइकाला तिच्यापासून सहसा काही होत नाही. पुढे दुसऱ्या रुग्णालयात नेलं तर दाखल करतानाच हे सांगा. लपवलं तर तिथल्या दहा जणांच्या अंगावर येतं.

बाकी म्युकर, अ‍ॅस्परजिलस माणसाकडून माणसाला लागत नाहीत. हात धरायला, कुरवाळायला हरकत नाही.

"एनआयसीयूत बाळ आहे, किलोभराचं. त्याच्या पाठीवर सालपटं निघताहेत."

डॉक्टरांना आत्ता दाखवा. पहिल्या दोन आठवड्यांत अशा बाळाची कातडी इतकी पातळ असते की चिकट पट्टी काढताना वरचा थर सोबत येतो. त्यातून कॅन्डिडा शिरते आणि भाजल्यासारखी सालपटं, लाली, बारीक पुटकुळ्या दिसतात. शिरेतून चरबीचं सलाईन चालू असलेल्या बाळांत मॅलासेझिया ही तेलावर जगणारी बुरशीही लाइनमधून रक्तात जाते. आजी कितीही आग्रह करू दे, विचारल्याशिवाय तेल-मालिश नाही.

"इंजेक्शन एवढं महाग का, आणि कापायलाही का लागतं?"

म्युकरवर मुख्य औषध लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी. दर किलो वजनाला रोज साधारण पाच मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज तीनशे, म्हणजे पन्नासच्या सहा बाटल्या, आणि हे आठवडे चालतं. हिशोब तिथे फुगतो. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन स्वस्त, पण किडनीवर जड. दोन्हींत पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घसरतं, म्हणून रोज रक्त काढतात. त्याबद्दल सिस्टरशी भांडू नका. अ‍ॅस्परजिलसला व्होरिकोनॅझोल, कॅन्डिडाला कॅस्पोफंजिनसारखी औषधं पहिली. व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही, म्हणून तुकड्याचा आग्रह.

कापणं म्युकरमध्ये बहुतेकदा टळत नाही. मेलेल्या कातडीत रक्त जात नाही, रक्त जात नाही तिथे इंजेक्शन पोहोचत नाही. कधी दोन-तीनदा ऑपरेशनला न्यावं लागतं. जखम दिसायला भयंकर असते, काउंट वर आले की त्वचारोपण करतात.

पैशांसाठी पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केस बसते का, ते तिथेच विचारा. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ ठेवा. परळला उपचार आणि मुक्कामाची पंचाईत असेल तर फुटपाथवर राहू नका. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटना आणि नातेवाइकांना आसरा देते. चिठ्ठी समाजसेवा विभागातूनच मिळवा.

"ही रुग्णालयाची चूक नाही का?"

कधी असते, कधी नसते. एकाच वॉर्डात थोड्या दिवसांत दोघा-तिघांना तीच बुरशी निघाली तर संसर्ग नियंत्रण समितीने पट्ट्या, चादरी, पाणी, एसी तपासायला हवं, आणि तसं लेखी विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. एकट्या पेशंटमध्ये मात्र ती हवेतून आली की घरून अंगावर घेऊनच आली, हे बहुधा कुणालाच ठरवता येत नाही.

"केमो सुरू होण्याआधी काही करता येईल?"

पायाची नखं बघा. चिखल्या, अंगठ्याच्या कडेला ठसठसणारी सूज, पिवळं जाड झालेलं नख हे सगळं काउंट पडायच्या आधी स्किनच्या ओपीडीत दाखवा. फ्युजेरियम कित्येकदा तिथूनच रक्तात जातो. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. पार्लरमधलं पेडिक्युअर सध्या राहू द्या. पावसाळ्यात बंद बुटांपेक्षा चप्पल बरी, पण साचलेल्या पाण्यातून चालणं टाळा.

"घरी सोडल्यावर औषध किती दिवस?"

जखम भरेपर्यंत आणि काउंट सावरेपर्यंत, बऱ्याचदा काही महिने. पुढची केमो असेल तर तोवर आणि त्यातही. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल जेवणानंतर लगेच. ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली तर त्या नीट शोषल्या जात नाहीत. किडनी बदललेल्यांनी लक्षात ठेवा, ही औषधं टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घेता त्या गोळीची) रक्तातली पातळी वाढवतात. सुरू करताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा पातळी तपासावी लागते. व्होरिकोनॅझोलवर असताना ऊन फार लागतं, कातडी भाजल्यासारखी होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, छत्री, आणि लोकलमध्ये उन्हाच्या बाजूची खिडकी नको. गोळी घेतल्यावर थोडा वेळ नजर चमकल्यासारखी किंवा धूसर होऊ शकते, तेवढ्यात गाडी चालवू नका.